नकाशा कोण उघडणार?

माण तालुक्यातल्या एका बाईंच्या रानात न झालेली बांधबंदिस्ती मी नकाशावर झालेली दाखवली होती. लबाडीने नव्हे, अडाणीपणाने. पण त्यांचे तीन हंगाम त्यात गेले, आणि हंगाम गेलेल्या माणसाला लबाडी आणि अडाणीपणा यांतला फरक सांगून काय उपयोग? ही चूक मला ज्यांच्यामुळे कळली ते एक निवृत्त प्राध्यापक होते आणि एक सॉफ्टवेअर होतं. दोघांचंही ऋण मोठं आहे. सॉफ्टवेअरचे आभार मानणं थोडं चमत्कारिक वाटेल, पण लिहायला बसल्यावर त्याला वगळता येत नाही.

राहुरीहून कृषी अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी 2006 साली एका स्वयंसेवी संस्थेत लागलो. पाणलोट विकासाचं काम होतं. माण म्हणजे साताऱ्याचा पूर्वेकडचा, पर्जन्यछायेतला तालुका. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. माथ्यावर सलग समतल चर, उतारावर बांधबंदिस्ती, ओढ्यात दगडी बांध, खाली मातीनाला बांध असं माथा ते पायथा काम करायचं. माझ्याकडे नकाशे होते. देणगीदार संस्थेने पहिल्या वर्षीच विचारलं, जीआयएसचं सॉफ्टवेअर कोणतं घेणार? मी अर्थातच सर्वांत महागडं सुचवलं. किंमत मोठी असली की काम मोठं वाटतं, एवढीच माझी समज होती. एका संगणकापुरता परवाना, मागच्या बाजूला खोचायचा डाँगल, दरवर्षी देखभालीचं वेगळं बिल. त्या डाँगलला मी कपाटात कुलूप घालून ठेवायचो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा कमी आणि माझा जास्त होता.

2007 च्या उन्हाळ्यात सर पहिल्यांदा आमच्या कार्यालयात आले. भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम. विहिरींच्या पातळ्या मोजायला गावोगाव फिरायचे. माझ्या संगणकाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि पिशवीतून एक सीडी काढून दिली. "क्वांटम जीआयएस आहे. बघ जमलं तर." मी किंमत विचारली. "काही नाही. कुणालाही घेता येतं, वाटता येतं, आत काय लिहिलंय तेही वाचता येतं."

मी त्यातलं फक्त "काही नाही" ऐकलं.

तेव्हा त्याची 1.0 आवृत्तीही निघायची होती, ती आली जानेवारी 2009 मध्ये. मी ते चालवून पाहिलं, दोनदा बंद पडलं. तिसऱ्यांदा उघडलं नाही. फुकटचं ते पौष्टिक नसतं, असा विनोद मी सहकाऱ्यांना ऐकवला. ती सीडी आमच्या ड्रायव्हरने जीपच्या आरशाला टांगली आणि ती पुढे दोन-तीन वर्षं उन्हात चमकत होती. सर त्याच जीपमधून कितीदा तरी हिंडले. त्यांनी ती पाहिली नसेल असं होणार नाही. बोलले मात्र नाहीत.

आता त्या चुकीबद्दल. भारतीय सर्वेक्षण विभागाचं 1:50,000 चं टोपोशीट स्कॅन करून आम्ही पाया म्हणून घेतलं होतं. त्यावर गावनकाशा बसवला, गटांच्या हद्दी गिरवल्या. झालेली कामं मोजायला हातातलं जीपीएस घेऊन शिवारात फिरायचं आणि संध्याकाळी ते बिंदू नकाशावर टाकायचे. ज्या गटात बिंदू पडला तो गट "काम पूर्ण". पुढच्या वर्षीच्या लाभार्थी यादीतून तो आपोआप बाद.

जुनी टोपोशीटं एव्हरेस्ट नावाच्या पृथ्वीमापावर आधारलेली असतात. त्याचं मूळ 1830 सालचं आहे. जीपीएस मोजतं ते डब्ल्यूजीएस 84 वर. पृथ्वी तीच, पण तिचा आकार आणि मध्य मानण्याची रीत वेगळी. ती रीत न जुळवता एकाचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यावर टाकले तर आमच्या भागात जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. वाटण्या होऊन उरलेल्या रानांची रुंदी आमच्याकडे कित्येकदा तेवढीही नसते. म्हणजे एकाच्या रानातला बांध नकाशावर सरळ शेजाऱ्याच्या रानात. ते जुळवायची सोय माझ्या महागड्या सॉफ्टवेअरमध्येही होती, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. विक्रेत्याच्या माणसाने पहिल्या दिवशी काहीतरी निवडून दिलं आणि मी ती खिडकी पुन्हा कधी उघडली नाही. एवढे पैसे मोजलेत म्हणजे आत सगळं बरोबरच असणार, असं मी धरून चाललो.

2010 मध्ये आक्का कार्यालयात आल्या. साठीच्या, एकट्या, पावणेदोन एकर कोरडवाहू रान. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "सायेब, माज्या रानात टोपलंभर माती हलली न्हाई, आन् तुमच्या कागदावर बांध हाय म्हनं."

मी त्यांना खुर्ची दिली, स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "आक्का, हे बघा. सॅटेलाइटवरनं मोजलंय."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आसंल बाबा," म्हणाल्या आणि गेल्या. अंतर दोन किलोमीटर. मी उठून शिवारात जाऊन पाहू शकलो असतो. तेवढंही केलं नाही.

2011 मध्ये प्रकल्प संपला. देखभालीचं बिल भरायला कुणी उरलं नाही. काही महिन्यांनी संगणक बिघडला, नव्या संगणकावर परवाना चालू करायचा तर वेगळे पैसे. नकाशे होते त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या साच्यात, दुसऱ्या कशात उघडत नव्हते. मग मी ते केलं जे आपल्याकडे पुष्कळ कार्यालयांत चालतं आणि कुणी बोलत नाही. एका दुकानातून क्रॅक केलेली प्रत आणली. तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी त्यातून आलेल्या व्हायरसने निम्म्या फाइली खाल्ल्या. पाच वर्षांचं काम असं गेलं, आणि तक्रार करायची कुणाकडे? चोरीचा माल निकृष्ट निघाला म्हणून?

2012 चा पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. 2013 च्या सुरुवातीला माणमध्ये चारा छावण्या लागल्या, टँकरच्या फेऱ्या सुरू झाल्या. कोणत्या वाडीला कोणती विहीर जवळ, कुठे पाणी तग धरेल, हे ठरवायला आमचे जुने नकाशे सोन्यासारखे होते. सर आले. मी खाली मान घालून म्हणालो, "सर, नकाशे आहेत, पण उघडत नाहीत."

"नकाशे तुमचे ना?"

"हो."

"मग कुलूप कुणाचं?"

त्यांच्या लॅपटॉपवर क्वांटम जीआयएसची 1.8 आवृत्ती होती. सहा वर्षांत ते सॉफ्टवेअर मोठं झालं होतं, मी होतो तिथेच होतो. देणगीदारांना पाठवण्यासाठी 2009 मध्ये मी काही थर शेपफाइलच्या रूपात काढून दिले होते, ते एका सीडीवर सापडले. ते बिनतक्रार उघडले. गंमत अशी की शेपफाइलचा साचा एका खासगी कंपनीचाच, एझ्रीचा. पण त्या कंपनीने 1998 मध्ये त्याची आतली रचना छापून सगळ्यांना खुली केली होती. म्हणून आमचं निम्मं काम वाचलं. तेव्हा ऋणांच्या यादीत एक मालकी सॉफ्टवेअरवालेही आहेत.

उरलेलं पुन्हा गिरवलं. सहा आठवडे लागले. सर दुपारी शिवारात आणि संध्याकाळी माझ्याशेजारी. काम करता करता गोष्टी सांगायचे. अलास्कात राहणाऱ्या गॅरी शर्मन नावाच्या माणसाने 2002 मध्ये आपल्या लिनक्स संगणकावर नकाशे पाहता यावेत म्हणून हे लिहायला घेतलं. त्याच्या पोटात बसलेलं ग्रास हे त्याहून जुनं. अमेरिकी लष्कराच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत 1982 च्या सुमारास सुरू झालेलं. नव्वदच्या दशकात लष्कराने हात काढून घेतला, तेव्हा विद्यापीठांतल्या लोकांनी ते सांभाळलं आणि 1999 मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणलं. "लष्कराने जमीन राखायला बनवलेलं," सर म्हणायचे, "आणि आता आपण त्यात माणगंगेचा पाणलोट मोजतोय." जमिनीच्या उंचीचे आकडे तर फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारने टिपलेले होते, तेही खुले. ग्रासच्या एका आज्ञेने आमच्या ओढ्यांचं जाळं पडद्यावर उमटलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. अलास्का, लष्कर, अवकाशयान, आणि शेवटी आमच्या वाडीमागचा ओढा. यातल्या कुणाला माण कुठे आहे हे माहीत नव्हतं.

आणि मग ती संध्याकाळ. सरांनी टोपोशीटवरून गिरवलेल्या थराचं मापन तपासलं. क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे त्याच क्वांटम जीआयएसमध्ये, ते एका ओळीत उघडं दिसतं. तिथे डब्ल्यूजीएस 84 लिहिलं होतं. सर गप्प झाले. मग एव्हरेस्टवर आधारलेलं कल्याणपूर 1975 चं मापन निवडलं आणि डब्ल्यूजीएसकडे नेणारे तीन आकडे मला माझ्या वहीत लिहायला लावले: 295, 736, 257. एंटर दाबल्यावर गटांच्या सगळ्या हद्दी एकदम सरकल्या. बांधाचे बिंदू आपापल्या जागी बसले. त्यांतले सात बिंदू एका गटातून बाहेर पडून शेजारच्या गटात गेले.

"हा रिकामा झाला तो गट कुणाचा?" सरांनी विचारलं.

मला पाठ होता. सातबारा काढायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे आक्कांकडे गेलो. जे घडलं ते मी सांगितलं, जमेल तेवढं साध्या शब्दांत. मी पुष्कळ तयारी करून गेलो होतो, पण त्यांनी फार बोलू दिलं नाही. "म्या म्हनलं हुतं," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकला. बांधबंदिस्ती 2014 च्या उन्हाळ्यात झाली. यादी तपासली तेव्हा आणखी चार नावं तशीच निघाली. त्या चौघांनी कधी तक्रारच केली नव्हती.

परतीच्या वाटेवर मी सरांना म्हणालो, हे सॉफ्टवेअर आधीच वापरलं असतं तर हे झालं नसतं. त्यांनी मान हलवली. "चूक यातही झाली असती. सॉफ्टवेअर तुझ्यासाठी शिवारात जात नाही. फरक एवढाच की यात चूक कुठे बसलीय ते कुणीही उघडून पाहू शकतं. तू ते एका संगणकात, एका डाँगलमागे ठेवलंस. आक्कांना सोड, मला तरी ते पाहता आलं असतं का?" मग थोडं थांबून म्हणाले, "प्रकल्प सुरू करताना किंमत विचारतोस. प्रकल्प संपल्यावर नकाशा कोण उघडणार, हे विचारत जा."

इंग्रजीत म्हणे या सॉफ्टवेअरवाल्यांना आयुष्यभर एक खुलासा करत राहावं लागतं, कारण फुकट आणि मुक्त या दोन्हींना त्यांच्याकडे एकच शब्द. आपल्याकडे दोन शब्द आयते होते. तरी मी सात वर्षं चुकीचा शब्द धरून बसलो होतो.

सरांनी सगळे नकाशे एका पेन ड्राइव्हवर भरले आणि ग्रामपंचायतीत नेऊन दिले. तिथली संगणक परिचालक, विशीतली मुलगी, दाखले आणि उतारे काढून द्यायची. तिच्या संगणकावर क्यूजीआयएस टाकायला परवाना लागला नाही, डाँगल लागला नाही, कुणाला विचारावं लागलं नाही. मला वाटलं, पेन ड्राइव्ह खणात पडून राहील. महिन्याभराने तिचा फोन आला. "सर, गावांची नावं मराठीत टाकली तर प्रश्नचिन्हं येतायत." ती अडचण अक्षरसंकेताची होती, यूटीएफ-8 निवडल्यावर सुटली. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांहून मोठं घेता येत नाही, यावर ती खूप वैतागली होती. देवनागरीत तर दोन-तीन अक्षरांतच जागा संपते. पुढे जिओपॅकेज हा नवा साचा आला तेव्हा ती कटकट मिटली. तिने ओढ्यांची नावं घातली. माझ्या नकाशात ते "नाला क्रमांक 1, 2, 3" होते. विहिरी कुणाच्या, कुठली बुजली, कुठल्या बोअरला यंदा पाणी लागलं नाही, हे ती भरत गेली. एकदा तिने मला विचारलं, "सर, तुम्ही हा पाझर तलाव ओढ्याच्या या बाजूला का दाखवलाय?" मी तपासलं. ती बरोबर होती.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण नवा मुल्ला मोठ्याने बांग देतो. मार्च 2015 मध्ये केंद्र सरकारने सरकारी यंत्रणांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण जाहीर केलं. मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या, ते वगळायचं असेल तर पुरवठादाराने कारण द्यावं, असा त्याचा रोख. ते आम्हाला लागूही नव्हतं. पण त्याची छापील प्रत मी विश्वस्तांच्या बैठकीत फडकावली आणि एका आठवड्यात कार्यालयातल्या सगळ्या संगणकांवर लिनक्स चढवलं. लिब्रेऑफिस शिकायला मुंबई आयआयटीचे मराठीतले स्पोकन ट्यूटोरियल लावून दिले. ते छान होते, दहा-दहा मिनिटांचे, बाजूला करून पाहत शिकायचे. मुलांनी ते भराभर शिकून घेतले. हिशेबनीस काका मात्र रडकुंडीला आले. त्यांची पंधरा वर्षांची टॅली गेली होती. मी निवडलेल्या मुक्त हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी तीन महिने नोंदी केल्या, पण आमचे सीए म्हणाले, मला टॅलीचा बॅकअप द्या, बाकी मला काही कळत नाही. शिवाय शासनाकडून येणाऱ्या एक्सेलच्या फाइली, मॅक्रोंनी भरलेल्या, लिब्रेऑफिसमध्ये धड उघडत नव्हत्या. मार्चअखेरीला काकांनी रात्री बसून सगळ्या नोंदी पुन्हा टॅलीत केल्या. माझ्यावर आवाजही चढवला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

सरांना कळलं तेव्हा ते हसले नाहीत. "आधी डाँगलची पूजा करत होतास, आता लिनक्सच्या पेंग्विनची करतोस. त्या माणसाला त्याचं काम येतंय, त्याच्या हातातलं अवजार का काढून घेतलंस?"

टॅली परत आली. ती आजही आहे, रीतसर विकत घेतलेली, आणि काकांच्या जागी आलेला मुलगाही त्यावर खूश आहे. हिशेब दरवर्षी सीएकडे जातो, तपासला जातो, कागदावर येतो. तो कुलपात अडकत नाही. नकाशाचं तसं नव्हतं. नकाशा प्रकल्पानंतर गावात राहायचा असतो आणि गाव काही परवान्याचं नूतनीकरण करत नाही. ही एवढी वाटणी करायला मला दहा वर्षं लागली, तीही आक्कांचे तीन हंगाम आणि काकांच्या काही रात्री खर्चून.

पुढे मराठवाडा-विदर्भातल्या पोकरा प्रकल्पासाठी मुंबई आयआयटीच्या मंडळींनी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचं साधन क्यूजीआयएसवर बांधलं, तेव्हा मी सरांना फोन केला होता. "बघ," म्हणाले, "तुझ्या जीपच्या आरशावर टांगलेलं कुठे पोचलं." म्हणजे त्यांनी ती सीडी पाहिली होती. दहा वर्षं मनात ठेवून तेवढं एकच वाक्य बोलले.

सर आता नाहीत. त्यांच्या वह्या त्यांच्या मुलीने मला दिल्या. विहिरींच्या पातळ्या आहेत, 1994 पासूनच्या, शाईने लिहिलेल्या. त्या उघडायला काहीच लागत नाही. ग्रामपंचायतीतली ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे, आणि त्या वह्या बघून जुन्या पातळ्या नकाशात भरायचं काम तीच करते आहे. अजून दोन वह्या बाकी आहेत.

नव्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मी तिच्यासाठी एक ओळ घातली: गावातील नकाशा देखभाल, मानधन. देणगीदारांकडून शेरा आला, "सॉफ्टवेअर फुकट आहे ना? मग यात खर्च कसला?" आणि ओळ खोडलेली. मला राग आला नाही, कारण हा प्रश्न 2007 मध्ये मीच विचारला असता. आतापर्यंत ती दोनदा खोडली गेली आहे. परवा तिसऱ्यांदा लिहून पाठवली.